गेमचे परीक्षण कसे तपासावे

‘सायबरपंक २०७७’ या गेमची पहिली परीक्षणे ७ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाली, गेम १० तारखेला विक्रीला आला आणि त्यानंतर आठवडाभरातच सोनीने तो प्लेस्टेशनच्या आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. त्या पहिल्या परीक्षणांत गुणांची लयलूट होती. मग खोटे कोण बोलले, असा प्रश्न साहजिकच पडतो आणि त्याचे उत्तर असे की, समीक्षकांपैकी जवळजवळ कोणीच नाही. त्यांना परीक्षणासाठी पीसीवरची प्रत देण्यात आली होती. स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये गेम विक्रीला येईपर्यंत दाखवण्यास मनाई होती आणि प्रकाशकाने पुरवलेली दृश्येच वापरावी लागणार होती. चांगल्या पीसीवर त्यांना जे दिसले, ते त्यांनी लिहिले. जुन्या प्लेस्टेशन ४ वर हा गेम कसा अडखळतो, हे लोकांना पैसे भरून झाल्यावर कळले.

हे उदाहरण आधी सांगण्याचे कारण असे की, परीक्षणांच्या प्रामाणिकपणाचा विषय निघाला की चर्चा लगेच पाकिटावर येते: समीक्षकाला पैसे मिळाले की नाही? तसेही घडलेले आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण प्रकाशकाच्या हातात याहून सोपी आणि कायदेशीर साधने असतात. समीक्षकाने काय पाहावे, कोणत्या यंत्रावर पाहावे आणि जे पाहिले ते केव्हा सांगावे, हे तो ठरवू शकतो. त्यामुळे एखादे परीक्षण तपासायचे असेल, तर गुणांचा आकडा क्षणभर झाकून ठेवावा आणि ते कोणत्या अटींवर लिहिले गेले, हे आधी शोधावे.

आधी तारीख पाहावी

परीक्षणाच्या मथळ्याखाली प्रसिद्धीची तारीख असते आणि बऱ्याचदा वेळही असते. ती गेमच्या विक्रीच्या वेळेशी ताडून पाहावी. प्रकाशक समीक्षकांना आगाऊ प्रत देतो तेव्हा अमुक क्षणापर्यंत काहीही प्रसिद्ध करायचे नाही, अशी अट घालतो. या धंद्यात तिला एम्बार्गो म्हणतात. ही अट मुळात वाईट नाही, उलट तिचा वाचकाला फायदाच होतो. ती नसती तर पहिला येण्याच्या शर्यतीत जो तो तीन तास खेळून निकाल देऊन मोकळा झाला असता. प्रश्न असतो तो अट उठण्याच्या वेळेचा. ‘ॲसॅसिन्स क्रीड युनिटी’ अमेरिकेत ११ नोव्हेंबर २०१४ रोजी मध्यरात्री विक्रीला आला आणि परीक्षणांवरची बंदी त्याच दिवशी दुपारी बारा वाजता उठली. ज्यांनी गेम आधीच नोंदवून ठेवला होता, ते तोपर्यंत बारा तास खेळून बसले होते आणि गेममधील माणसांचे चेहरे गळून पडल्याची चित्रे एकमेकांना पाठवत होते. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये बेथेस्डा या प्रकाशकाने, समीक्षकांना प्रती विक्रीच्या केवळ एक दिवस आधी मिळतील, असे धोरणच जाहीर केले. चाळीस-पन्नास तासांचा गेम एका दिवसात कोणी पुरा करू शकत नाही, हे सांगायला नको.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, विक्रीच्या चार-पाच दिवस आधी परीक्षणे आली असतील, तर प्रकाशकाला आपल्या मालाबद्दल निदान धास्ती नाही, असे समजता येते. मात्र ‘सायबरपंक’चीही तीन दिवस आधी आली होती, हे विसरू नये. विक्रीच्या क्षणापर्यंत एकही परीक्षण नसेल, तर आगाऊ नोंदणी करू नये. डिजिटल प्रतीचा साठा संपत नाही, त्यामुळे घाई कोणाच्या सोयीची आहे ते उघड आहे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. जो गेम पूर्णपणे ऑनलाइन चालतो, त्याचे परीक्षण उशिरा येणेच बरे. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ला पॉलिगॉन या संकेतस्थळाने विक्रीपूर्वी दहापैकी ९.५ गुण दिले. ते मोजक्या लोकांसाठी उघडलेल्या सर्व्हरवर खेळून दिलेले होते. खरे ग्राहक आले, सर्व्हर कोलमडले, लोकांना आपल्याच शहरात शिरता येईना; तेव्हा गुण आधी ८ वर, मग ४ वर आले आणि परिस्थिती काहीशी सुधारल्यावर ६.५ वर स्थिरावले. या चढउताराबद्दल पॉलिगॉनची बरीच थट्टा झाली. मला मात्र तो आकडा जाहीरपणे बदलणे हे सगळ्या प्रकरणातले सर्वांत सरळ वर्तन वाटते.

यंत्र, तास आणि प्रत

चांगल्या परीक्षणात, बहुधा शेवटी बारीक अक्षरांत, एक निवेदन असते: गेम कोणत्या यंत्रावर खेळला, किती तास खेळला, पूर्ण केला की नाही आणि प्रत कोणी दिली. हे निवेदन आधी वाचावे. ते नसेल, तर त्या परीक्षणाचे वजन निम्मे धरावे. यंत्राची नोंद आपल्या घरच्या यंत्राशी जुळत नसेल, तर ते परीक्षण कथा, रचना आणि आनंद यांबद्दल उपयोगी आहे. गेम नीट चालेल की नाही, याबद्दल नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’च्या वेळीही परीक्षणाच्या आगाऊ प्रती पीसीच्याच होत्या, त्यामुळे प्लेस्टेशन ५ घेऊन बसलेल्यांना त्या परीक्षणांतून आपल्या यंत्राबद्दल काहीच कळण्यासारखे नव्हते.

प्रत फुकट मिळाली, या कबुलीने बिचकण्याचे कारण नाही. एका गेमच्या किमतीत कोणाचे मत विकत घेता येत नाही. समीक्षकाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट असते ती प्रत लवकर मिळण्याची, कारण परीक्षणाला वाचक मिळतात ते विक्रीच्या आसपासच्या चार दिवसांत. उशिरा पोहोचलेले परीक्षण कितीही चांगले असले, तरी ते वाचायला फारसे कोणी उरत नाही, आणि प्रकाशकाला हे पक्के ठाऊक असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळाने आपल्या वाचकांना सांगितले की, बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या प्रकाशकांनी आपल्याशी संपर्क तोडला असून प्रती आणि उत्तरे दोन्ही बंद केली आहेत. त्यामागे न जाहीर झालेल्या गेमच्या बातम्या आधी छापल्याचे कारण होते. २०११ मध्ये ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’च्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या संस्थेने तर, फार कडवट परीक्षणे लिहिणाऱ्यांना पुढच्या वेळी प्रती द्यायच्या की नाही याचा विचार करू, असे चारचौघांत लिहून टाकले. प्रकाशकाने त्या संस्थेशी संबंध तोडले. माझ्या मते तिचा अपराध असा विचार करण्याचा नव्हता. तो मोठ्याने बोलून दाखवण्याचा होता.

म्हणून पहिल्या दिवशी कोण आले, यापेक्षा कोण आले नाही, याची नोंद ठेवावी. ज्या संकेतस्थळाची परीक्षणे नेहमी वेळेवर येतात, त्याचे एखाद्या मोठ्या गेमचे परीक्षण आठवडाभर दिसत नसेल, तर त्यांच्या लेखात कारण शोधावे. बहुतेकदा ‘आम्हाला आगाऊ प्रत मिळाली नाही’ असे वाक्य सापडते. आणि स्वतःच्या पैशाने प्रत घेऊन उशिरा लिहिणारा निदान एक समीक्षक आपल्या वाचनात कायमचा असू द्यावा.

भाषा कशी वाचावी

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे मी स्वतः चुकलेलो आहे. काही वर्षे मी एका लहान नियतकालिकासाठी गेमची परीक्षणे लिहीत असे. प्रत यायची तेव्हा सोबत दोन पानांचे पत्र असायचे. त्यात एम्बार्गोची तारीख आणि वेळ, कोणत्या प्रकरणापुढची दृश्ये दाखवायची नाहीत त्याची यादी, कोणत्या पात्राच्या मृत्यूचा उल्लेख करायचा नाही ती सूचना, आणि शेवटी एक अतिशय विनम्र ओळ: ‘खेळताना काही अडचण आल्यास प्रसिद्धीपूर्वी अवश्य कळवा.’ धमकी कुठेही नव्हती. एका गेमच्या वेळी मी खरोखरच कळवले. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘तिसऱ्या प्रकरणात तीनदा बंद पडला. एकदा सेव्ह गेली, चार तास वाया.’ पलीकडच्या सद्गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, हे सगळे दुरुस्त होणार आहे, असे सांगितले. मी छापायला दिलेले वाक्य असे होते: ‘काही किरकोळ तांत्रिक अडचणी जाणवल्या, मात्र पहिल्या अपडेटमध्ये त्या दूर होतील अशी अपेक्षा आहे.’

पॅच आला. बंद पडणे कमी झाले, सेव्ह जाणे दीड महिना तसेच राहिले. एका वाचकाने पत्र पाठवून आपले अकरा तास गेल्याचे कळवले. त्याच्या पत्रात राग नव्हता, आपण हे आधी पाहिले नव्हते का, एवढाच साधा प्रश्न होता. मला कोणी एक पैसाही दिला नव्हता. पण त्याच प्रकाशकाचा पुढचा गेम दोन महिन्यांनी येणार होता आणि त्याची प्रत मला हवी होती, हे लिहिताना माझ्या डोक्यात नव्हते असे म्हणणे खरे ठरणार नाही.

वहीतली नोंद आणि छापील वाक्य शेजारी ठेवली की दबाव भाषेत कसा उतरतो, ते दिसते. ‘तीनदा’ची ‘काही’ होते. ‘चार तास वाया’ची ‘किरकोळ अडचण’ होते. आणि जे घडलेले आहे, त्याच्या जागी जे घडेल असे कोणीतरी सांगितले आहे, ते येते. तेव्हा परीक्षण वाचताना प्रत्येक भविष्यकाळी वाक्याखाली रेघ मारावी. समीक्षकाने भविष्य खेळलेले नसते. ते त्याला कोणीतरी कळवलेले असते. त्यानंतर, खोटी ठरू शकतील अशी विधाने मोजावीत. ‘लढाई अत्यंत समाधानकारक आहे’ हे कधीच खोटे ठरत नाही. ‘शत्रूंचे पाच प्रकार आहेत आणि दहाव्या तासानंतर नवा प्रकार येत नाही’ हे कोणीही खेळून तपासू शकतो, आणि असे लिहिणाऱ्याने गेम बराच खेळलेला असतो. पूर्ण परीक्षणात दुसऱ्या प्रकारची दहा विधानेही नसतील, तर तुम्ही प्रसिद्धिपत्रकाची सुधारित आवृत्ती वाचत आहात.

यानंतर गुणांवरचा हात काढावा. मजकुरात चार गंभीर दोष तपशीलवार सांगितलेले आणि खाली ८.५ गुण, असा प्रकार दिसला, तर विश्वास मजकुरावर ठेवावा. आकड्याकडे संपादकापासून जाहिरात विभागापर्यंत सर्वांचे लक्ष असते. सहावा परिच्छेद मात्र सहसा समीक्षकाचा स्वतःचाच राहतो.

जाहिरातीचे पान

जाहिरातीच्या दबावाचे सर्वांत गाजलेले प्रकरण नोव्हेंबर २००७ मधले आहे. गेमस्पॉट या संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच: डेड मेन’ला ६ गुण दिले. त्याच सुमारास गेमस्पॉटचे मुखपृष्ठ प्रकाशक आयडॉसच्या या गेमच्या जाहिरातीने झाकलेले होते. गर्स्टमन यांना काढून टाकण्यात आले. करारामुळे त्यांना बोलता येत नव्हते. मार्च २०१२ मध्ये गेमस्पॉटच्या मालक कंपनीनेच त्यांचे जायंट बॉम्ब हे संकेतस्थळ विकत घेतले, तेव्हा बंधन सुटले आणि कमी गुणांमुळे जाहिरातदार नाराज झाले व नवे व्यवस्थापन त्या नाराजीपुढे डगमगले, असे त्यांनी उघडपणे सांगितले. परीक्षणातले ६ गुण तसेच राहिले, समीक्षक मात्र गेला. पुढच्या समीक्षकांना यातून जे समजायचे, ते कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

वाचकाला कार्यालयाच्या आत डोकावता येत नाही, पण जुनी पाने उघडता येतात. एखाद्या स्थळाची, मोठी जाहिरातबाजी झालेल्या गेमची, मागची वीस परीक्षणे काढावीत आणि त्यांत सातच्या खाली गेलेली किती, ते पाहावे. एकही नसेल, तर सावध व्हावे. सगळे गुण सात ते नऊमध्येच का, ही तक्रार मात्र थोडी अन्यायाची आहे. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे खपून केलेला गेम सहसा अगदीच टाकाऊ नसतो आणि टाकाऊ गेमचे परीक्षण करायला कोणाला वेळ नसतो.

सरासरीचा आकडा

समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकसारख्या संकेतस्थळावरचा आकडा पहिल्या दिवशी पाहूच नये. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘टूम रेडर: अंडरवर्ल्ड’च्या वेळी, आठपेक्षा कमी गुण देणाऱ्यांनी परीक्षण सोमवारपर्यंत थांबवावे, असे ब्रिटनमधल्या समीक्षकांना आयडॉसच्या वतीने सांगितले जात असल्याचे बाहेर आले. चांगली मते आधी आणि वाईट नंतर अशी रांग लावली, तर एकही शब्द न बदलता पहिल्या दोन दिवसांची सरासरी वर जाते. दोन आठवड्यांनी पाहावे, किती परीक्षणांची सरासरी आहे ते पाहावे आणि आपल्याच यंत्राची पाहावी: ‘सायबरपंक’ची पीसीवरची सरासरी शंभरपैकी ८६ आहे आणि प्लेस्टेशन ४ वरची ५७. मेटाक्रिटिक सर्व स्थळांना समान वजन देत नाही आणि कोणाला किती देते ते सांगतही नाही, ही गोष्टही ध्यानात असावी. मग सर्वांत जास्त गुणांचे, सर्वांत कमी गुणांचे आणि मधले, अशी तीन परीक्षणे पूर्ण वाचावीत.

या आकड्याला एवढे महत्त्व का, तर त्याच्यावर लोकांचे पगार लोंबकळतात. २०१० मधला ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ ऑब्सिडियन या स्टुडिओने बनवला; सरासरी ८५ झाली, तर बोनस मिळणार होता. ती ८४ झाली. म्हणजे समीक्षकावरचा दबाव दरवेळी प्रकाशकाच्या लोभातूनच येतो असे नाही. ज्यांनी गेम बनवला त्या माणसांबद्दलची सहानुभूतीही त्याचा हात धरते.

व्हिडिओ पाहताना

पाकिटाचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे येतो. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉर्नर ब्रदर्सविरुद्धच्या तक्रारीत तडजोड जाहीर केली. ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डोर’साठी २०१४ मध्ये यूट्यूबवरच्या लोकप्रिय मंडळींना काही शे डॉलरांपासून हजारो डॉलरांपर्यंत रकमा देण्यात आल्या होत्या. गेमबद्दल वाईट बोलायचे नाही आणि बग, म्हणजे गेममधले तांत्रिक दोष, दाखवायचे नाहीत, अशा अटी होत्या. पैसे घेतल्याची कबुली व्हिडिओत न देता खालच्या वर्णनात द्यायची सूचना होती, जिथे ती अधिक मजकुराचे बटण दाबल्याशिवाय दिसत नसे. काहींनी तर फक्त प्रत आगाऊ मिळाल्याचे सांगितले, पैशांचे सांगितलेच नाही. तेव्हा वर्णनाचा चौकोन पूर्ण उघडून वाचण्याची सवय लावून घ्यावी. व्हिडिओच्या सुरुवातीला कोपऱ्यात येणारी सशुल्क जाहिरातीची सूचनाही पाहावी.

पैसे नसतानाही अटी असू शकतात. मे २०२४ मध्ये ‘मार्व्हल रायव्हल्स’च्या चाचणीसाठी निवडलेल्या व्हिडिओकारांना दिलेल्या करारात गेमची निंदा न करण्याचे कलम निघाले आणि बोंबाबोंब झाल्यावर गेमची कंपनी नेटईजने माफी मागितली. हे कलम बाहेर आले ते सही करणाऱ्यांपैकी काहींनी करार वाचला म्हणून. व्हिडिओचा खरा उपयोग बोलणाऱ्याचे मत ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहण्यात आहे: गेमच्या मधल्या एखाद्या सामान्य प्रकरणाचे, न कापलेले वीस मिनिटांचे चित्रण शोधावे आणि आवाज बंद करून पाहावे.

ग्राहकांची मते आणि स्वतःचे दोन तास

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरची ग्राहकांची मते प्रकाशकापासून सुटलेली असतात, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फुकट वाटलेल्या कोडमधून (गेम मिळवण्यासाठी टाकायच्या अक्षरांतून) आलेली मते फुगवटा आणतात, हे दिसल्यावर सप्टेंबर २०१६ मध्ये स्टीमने इतरत्र मिळालेल्या कोडवर खेळणाऱ्यांची मते एकूण आकड्यातून वगळली. दुसरीकडे, गेमशी संबंध नसलेल्या रागापोटीही हजारो वाईट मते एका रात्रीत येतात. प्रत्येक मताशेजारी खेळलेले तास दिसतात. पाच ते वीस तास खेळलेल्यांची, अलीकडच्या महिन्याभरातली मते वाचावीत. अलीकडची यासाठी की, गेम परीक्षणानंतर बदलतो. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूएल्ड’ जून २०१९ मध्ये आला, त्याची परीक्षणे झाली आणि खऱ्या पैशांनी नाणी विकत घेण्याची सोय गेममध्ये आली ती ऑगस्टमध्ये. जूनमधले प्रत्येक परीक्षण प्रामाणिक होते आणि त्यातल्या एकालाही याचा पत्ता नव्हता.

स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. हे दोन तास आपले स्वतःचे परीक्षण म्हणून वापरावेत. प्रस्तावनेची दृश्ये सरळ वगळावीत, पात्राचे नाक-डोळे घडवत बसू नये, सेटिंग्जमध्ये जाऊन चित्राची पातळी आपल्या यंत्राला झेपेल तिथे आणावी, मग गर्दीच्या जागी किंवा पहिल्या मोठ्या लढाईत जाऊन गेम अडखळतो का ते पाहावे, आणि एकदा सेव्ह करून, गेम पूर्ण बंद करून, पुन्हा उघडून पाहावा. पहिल्यांदा सुरू करताना काही गेम पडद्यावर नुसती पट्टी सरकवत बराच वेळ तयारी करतात. ती मिनिटेही या दोन तासांत मोजली जातात आणि गेम चालू ठेवून उठून गेलात, तरी घड्याळ थांबत नाही.